उंच रस्ता

कृष्णा गवंड्याने दाराच्या चौकटीवर खडूने रेघ मारली आणि मागे सरून पाहिलं. रेघ त्याच्या गुडघ्याच्या वर होती.

"पानी मागल्या आठवड्यात इथवर आलेलं," तो म्हणाला. "भिंत तेवढी तरी पायजे, वहिनी. नायतर केलेलं सगळं फुकट."

 प्रेमलताबाईंची नजर आत गेली, खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसलेल्या नवऱ्याकडे, काशिनाथरावांकडे. कृष्णाचीही तिकडेच गेली. दारात एवढी भिंत उभी राहिली की ती खुर्ची बाहेर पडणार नव्हती, आणि हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

"उद्या सांगते," बाई म्हणाल्या. "आज सोसायटीची मीटिंग आहे."

गास गावाच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची ही 'सागरछाया' उभी आहे. तिथून सागर दिसत नाही आणि छायाही जेमतेमच, पण बिल्डरांनी दिलेल्या नावांचं काय घेऊन बसायचं! प्रेमलताबाई तळमजल्यावर राहतात. टेलिफोन खात्यातली नोकरी संपली त्याच वर्षी नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. मुलगा केयूर पुण्याला, एका खोलीत दोघं नवराबायको आणि बाळ. तो 'या ना इकडे' म्हणायचा, पण कुठे यायचं ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

काशिनाथरावांचा सगळा दिवस संध्याकाळची वाट पाहण्यात जायचा. ऊन उतरलं की बाई खुर्ची ढकलत कोपऱ्यावर न्यायच्या. तिथे नंदाखाल गावची लूर्डस केळी, अळू आणि शेवग्याच्या शेंगा घेऊन बसायची. गावातली लग्नं, वाडीच्या बांधावरची भांडणं, चर्चच्या सणाची तयारी, असं सगळं ती गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता सांगायची. काशिनाथरावांना एक वाक्य पुरं करायला वेळ लागे. बाकीचे लोक मधेच मान हलवून ते स्वतःच पुरं करून टाकत. लूर्डस मात्र हातातली जुडी तशीच धरून थांबायची. त्या अर्ध्या तासावर तो माणूस जगत होता म्हटलं तरी चालेल.

पण तेव्हा रस्ता म्हणजे नुसते खड्डे. एका संध्याकाळी खुर्चीचं पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि काशिनाथराव तोंडावर पडले. हनुवटीला टाके पडले. त्या दिवसापासून बाईंनी रस्ता मनावर घेतला. जन्मात कधी कुणाशी चढ्या आवाजात न बोललेली बाई, पण तिने गल्लीतलं एकेक दार ठोठावलं, सह्या घेतल्या, कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. 'काकूंना आता निवडणूक लढवायची दिसते,' म्हणून लोक आधी हसले आणि मग सहीही करून मोकळे झाले. साहेब बदलत राहिले, बाईंचे अर्ज तेच राहिले. शेवटी या उन्हाळ्यात रस्ता झाला. चांगला जाडजूड, काँक्रीटचा.

सोसायटीने सत्कार केला. चौथ्या मजल्यावरचे चेअरमन जितेंद्र राऊत माइकवर म्हणाले, काकू नसत्या तर आपण अजून चिखल तुडवत बसलो असतो. पेढे वाटले. त्याच संध्याकाळी बाईंनी नवऱ्याला नव्या रस्त्यावर नेलं, तर त्याने हाताने खूण करून त्यांना खुर्ची सोडायला लावली. चांगल्या हाताने चाक फिरवत, थोडं वाकडं जात, पण एकटा तो लूर्डसच्या टोपलीपर्यंत गेला. बाई मागे उभ्या राहून रडल्या. आयुष्यात आपल्या हातून काहीतरी झालं, असं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

रस्ता इमारतीच्या आवारापेक्षा उंच झाला होता. फाटकापाशी कंत्राटदाराने काँक्रीटचा उतार करून दिला, तो खुर्चीला सोयीचाच झाला, एवढंच तेव्हा बाईंना सुचलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. इतकी वर्षं पावसाचं पाणी रस्ता ओलांडून पलीकडच्या शेतात जायचं. आता रस्त्यानेच बांध घातला. जुलैत पाऊस लागून राहिला तसं पाणी आवारात साचलं, पॅसेजमध्ये शिरलं आणि तिथून घरात. पहिल्या खेपेला शेजाऱ्यांनी काशिनाथरावांना उचलून दुसऱ्या मजल्यावर स्वप्नाकडे नेलं, गरम भात खाऊ घातला. पुढच्या खेपेला उचलायला माणसं कमी आली. मागच्या आठवड्यात तर बाईंनी हाकाच मारल्या नाहीत. पलंगाखाली विटा लावून दोघं वर बसून राहिली, आणि खालच्या गढूळ पाण्यात खुर्चीची चाकं बुडताना पाहत राहिली.

मीटिंग गच्चीवर पत्र्याखाली भरली. बाईंनी दोनच गोष्टी मागितल्या. रस्त्याखालून पाण्याला वाट काढून द्या म्हणून सगळ्यांनी मिळून कचेरीत जायचं, ही एक. तोवर दारात भिंत घालावी लागली तर खुर्ची ये-जा करायला पॅसेजमध्ये उतार बांधू द्यायचा, ही दुसरी. आतला उतार त्या स्वतः बांधून घेणार होत्या, त्यात निम्मी खोली गेली तरी.

जितेंद्रनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काकू, आत्ताच झालेला रस्ता परत फोडा म्हणून कुठल्या तोंडाने सांगायचं?" ते म्हणाले. "मागणी तर तुमचीच होती ना?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बाईंना उत्तर देता आलं असतं.

उताराचं म्हणाल तर पॅसेज सगळ्यांचा. आज एकाला परवानगी दिली की उद्या दुसरा मागणार, आणि बाइक कुठे लावायच्या? कुणीतरी म्हणालं, काकांना पुण्याला का नाही पाठवत? शेवटी हात वर करून मत घ्यायचं ठरलं. बाईंनी स्वप्नाकडे पाहिलं. पहिल्या पुराच्या रात्री ती त्यांच्या गळ्यात पडून रडली होती. तिच्या नवऱ्याची नवी स्कूटर पॅसेजमध्येच असते. स्वप्ना मोबाइल पाहत होती. गच्चीवर एकच हात वर गेला, तो बाईंचा स्वतःचा. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ते खोटं नाही.

रात्री त्यांनी नवऱ्याला भिंत घालायची एवढंच सांगितलं, बाकीचं सांगितलं नाही. सकाळी एवढंच विचारलं, की कृष्णा यायच्या आत कोपऱ्यावर एक चक्कर मारून येऊ या का?

"नको," काशिनाथराव सावकाश म्हणाले. "लूर्डस... फार बोलते."

पन्नाशीला आलेल्या संसारात त्यांनी बायकोला फारसं फसवलं नव्हतं. त्यामुळे त्यांना खोटं नीट बोलताही येत नव्हतं. बाईंनी मान फिरवली आणि चहा ठेवायला गेल्या. हा रस्ता आपण मागितला नसता तर, हा विचार उकळत्या पाण्याकडे पाहताना त्यांच्या मनात पुन्हा पुन्हा येत राहिला.

दुपारपर्यंत विटा खडूच्या रेघेला आल्या. बाहेर पाऊस थांबून थांबून पडत होता. काशिनाथरावांनी खुर्ची स्वतःच दारापर्यंत आणली आणि ते भिंतीपलीकडे पाहत बसले. तिथून पॅसेज, फाटक आणि रस्त्याची कड तेवढी दिसत होती. कृष्णा गिलावा करायला लागला तसा त्यांनी डावा हात वर केला. कृष्णा थापी हातात धरून थांबला. शब्द जुळायला वेळ लागला, पण त्याने घाई केली नाही.

"वरची कड... गोल कर, बाबा," काशिनाथराव म्हणाले. "कोपर टेकवून बसायचंय."

कृष्णाने मान हलवली आणि ओल्या गिलाव्यावरून पाण्याचा हात फिरवून कड गोल करायला घेतली.