कयलला कोणी सांगायचं

आमच्या डॉक्टरीणबाई मुलांच्या दवाखान्यात मोठ्यांचं बीपी मोजतात, ही गावातली चेष्टाही आता जुनी झाली. पोराला खोकला म्हणून आलेल्या बापाच्या दंडाला त्या पट्टा बांधणार आणि आईला विचारणार, "पोर कधी घाबरलं होतं?" घरात मारहाण होते का असं विचारलं तर आमच्याकडे कुणी तोंड उघडत नाही. पण पोर घाबरलं हे सांगायला कुणाला लाज वाटत नाही. घाबरलेल्या पोराला संध्याकाळी मशिदीच्या दाराशी नेऊन फुंकर घालून आणतातच सगळे, हिंदू काय आणि आम्ही ख्रिस्ती काय. कधी घाबरलं, कशानं घाबरलं, हे सांगता सांगता बाया बाकीचंही सांगून टाकतात.

मी एस्तर, त्यांची नर्स. सुरुवातीला मी या प्रश्नावर मनातल्या मनात हसायचे. तेन्मोळी डॉक्टर मदुराईहून आल्या तेव्हा तरुण होत्या, मला वाटलं पुस्तकी खूळ आहे, उतरेल. मग ज्या पोरांना आम्ही अंथरूण ओलं होतं म्हणून तपासलं होतं तीच पोरं आपापली लेकरं कडेवर घेऊन यायला लागली. तिशीतच साखर, तिशीतच रक्तदाब. डॉक्टर म्हणायच्या, "भीती निघून जाते गं, पण अंगाला कुणी सांगत नाही ती गेली म्हणून. ते आपलं पहाऱ्यावर उभंच." मी हसायची थांबले.

फटाक्यांच्या कारखान्यांचं गाव आहे आमचं. लांब कुठे स्फोट झाला की आधी खिडक्या थरथरतात, मग गल्लीतल्या बायका एकमेकींकडे बघतात, आज कुणाचं कोण कामावर गेलंय.

कयल सात वर्षांची. तिचा दमा पावसाळ्यानंतर अचानक बळावला होता. डॉक्टरांनी धुराला दोष दिला, आणि आमच्या गावात ते कुणालाही पटावं. तिच्या आजीनं, इरुळायीनं, घरातली ऊदबत्तीसुद्धा बंद केली, खिडक्यांना गोणपाट ठोकलं. म्हातारी हट्टी, पण नातीवर जीव टाकणारी. तरीही पोरीला झटके येतच होते, आणि प्रत्येक झटका आधीच्यापेक्षा वाईट.

त्या दुपारी ती आमच्याच टेबलावर बसली होती. एसी चालू, काचा बंद, छाती बऱ्यापैकी मोकळी. डॉक्टर इरुळायीला औषध समजावत होत्या. बाहेरून डफांचा आवाज आला. चहावाल्या म्हाताऱ्याची अंत्ययात्रा चालली होती, आणि आमच्याकडे अंत्ययात्रा म्हणजे पुढे डफ, मागे तिरडी आणि वाटभर फटाक्यांच्या माळा.

पहिली माळ फुटली तशी कयल टेबलावरून उतरली. पळत खिडकीशी गेली, चवड्यांवर उभी राहिली, काचेला नाक लावलं. मी म्हटलं, "पाप्पा, बाळा, इकडे ये." ती वळली तेव्हा तिचा गळा खड्डा पडून आत ओढला जात होता.

पुढचं मला आठवायलाही नको वाटतं. ओठ निळे पडले. मास्क लावला, वाफ चालू केली, ऑक्सिजन वाढवला, डॉक्टरांनी शिरेत सुई घातली. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा उतरत राहिला. इरुळायी कोपऱ्यात उभी राहून पदर चावत होती. मोठ्या इस्पितळात न्यायचं तर रस्ता अंत्ययात्रेनं अडलेला. डॉक्टर मास्क धरून एकच वाक्य पुटपुटत होत्या, "धूर कुठाय? एस्तर, इथे धूर कुठाय?"

धूर नव्हताच. काचा बंद होत्या.

तासाभरानं पोरगी सावरली. मास्क बाजूला करून तिनं पहिला प्रश्न विचारला, "तिरडीवर कोण होतं?"

"चहावाले तात्ता," मी म्हटलं.

तिनं डोळे मिटले. तिचे खांदे खाली आले, हे मी स्वतः पाहिलं. डॉक्टर तिच्या उशाशी बसल्या. "तुला कोण वाटलं होतं, कयल?"

तिनं मास्कची नळी बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "अम्मा मेली असं शाळेतली ती वेणीवाली मुलगी म्हणते. खोटारडी आहे. अम्मा मेली असती तर फटाके वाजले असते ना? मी रोज ऐकते. अजून तरी नाही वाजले."

पोन्मणी, तिची आई, चार महिन्यांपूर्वी कारखान्यात रसायन भरायच्या खोलीत स्फोट झाला त्यात गेली. कयलला त्या दिवशी मावशीच्या गावी पाठवलं आणि परत आल्यावर सांगितलं, अम्मा तिरुप्पूरला गेली, बनियनच्या कंपनीत. आणि आमच्या गावची रीत अशी, की स्फोटात गेलेल्या माणसाला फटाके वाजवत नाहीत. ज्यानं नेलं तेच पुन्हा कसं वाजवायचं? पोन्मणीला गुपचूप नेलं होतं, डफसुद्धा न वाजवता. त्यामुळे ही एवढीशी पोर चार महिने प्रत्येक प्रेतयात्रेला कान लावून होती. प्रत्येक माळ फुटली की तिचा श्वास अडकायचा, आता ही अम्माची असेल.

संध्याकाळी डॉक्टरांनी मारीश्वरनला बोलावून घेतलं. कयलचा बाप, इरुळायीचा लेक. चौतिशीचा माणूस, पण डावा हात मांडीवर ठेवला तर तो तिथेच राहतो, उचलायला उजवा लागतो. गेल्या पोंगलच्या आधी त्याला पक्षाघाताचा झटका आला होता. कयलला मी पलीकडच्या खोलीत झोपवलं आणि दार लावून घेतलं.

"तिला सांगायचं," डॉक्टर म्हणाल्या. "उद्याच. इथेच, माझ्यासमोर."

"अजिबात नाही," इरुळायी म्हणाली. "एवढीशी पोर. ऐकूनच मरेल ती."

"न ऐकून मरायला लागलीय. आज इथे होती म्हणून वाचली. घरी असती तर?"

"तिला माहीत नाही ते बरं आहे, डॉक्टरम्मा."

"तिला माहीत नाही असं नाही, आजी. तिला खात्री नाही. तेच जास्त वाईट आहे."

म्हातारीनं मान उडवली. "याचा बाप स्फोटात गेला तेव्हा याला तरी कुठे सांगितलं होतं मी? केरळला गेला म्हटलं. झाला ना मोठा? लग्न झालं, पोर झाली. तुमच्या औषधानं नाही झाला मोठा, माझ्या कंजीनं, भाताच्या पेजेनं झाला."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. पट्टा काढला, मारीश्वरनच्या उजव्या दंडाला बांधला, फुगवला. आकडा बघून त्यांचा चेहरा कसा झाला ते मला दिसलं. मग त्या म्हणाल्या, "आजी, या वयात याचा हात का लोंबतो?"

"नशीब."

"तो कयलएवढा होता तेव्हा तुम्ही त्याला माझ्याकडे आणायचात, पोट दुखतं म्हणून. आठवतं? पोटात काहीच नव्हतं. मी नवी होते, मला कळलं नाही. तेव्हापासून त्याचं अंग धावतंच आहे. शेवटी हात गेला. आणि याचा हात गेला म्हणून पोन्मणी कामावर गेली."

हे बोलायला नको होतं असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. खरं असलं म्हणून काय झालं? म्हातारी उभी राहिली, पिशवी उचलली. "चल रे मारी. मी मारलं तुझ्या बायकोला, ऐकलंस ना? चल."

मारीश्वरन हलला नाही.

"अम्मा," तो म्हणाला, "मला शाळेतल्या पोरांनी सांगितलं. चिडवताना. मी म्हटलं खोटं आहे, आणि रोज शाळा सुटली की स्टँडवर जाऊन केरळची बस बघायचो. तू विचारायचीस ना, उशीर का होतो? तेच करायचो. तुला कधी बोललो नाही. तू रडशील म्हणून."

इरुळायीच्या हातातली पिशवी खाली आली. ती परत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळी तयारी करून बसलो. ऑक्सिजन, वाफेचं यंत्र, भरलेली सुई. बाहेर रुग्णवाहिका उभी करून ठेवली. डॉक्टरांनी मारीश्वरनला बजावलं होतं, झोपली म्हणायचं नाही, देवाकडे गेली म्हणायचं नाही, आहे तो शब्द वापरायचा. इरुळायी दाराच्या चौकटीत बसली, आत यायला तयार नाही.

मारीश्वरननं पोरीला उजव्या कुशीत घेतलं. "कयल, अम्मा तिरुप्पूरला नाही. कारखान्यात स्फोट झाला, त्यात अम्मा मेली. मी तुझ्याशी खोटं बोललो."

कयल हलली नाही. यंत्रावरचा आकडा हलला. शहाण्णव, चौऱ्याण्णव, एक्क्याण्णव. छाती आत ओढली जायला लागली. मी मास्क पुढे केला, डॉक्टरांनी माझा हात धरला. "क्षणभर थांब." मी त्यांच्याकडे रागानं बघितलं. एक्क्याण्णव. एक्क्याण्णवच.

"मग फटाके का नाही वाजवले?" कयलनं विचारलं.

चौकटीतून म्हातारीचा आवाज आला. "फटाक्यांनीच नेलं गं तिला, पाप्पा. कसे वाजवणार?"

"मग मला कसं कळणार?" ती किंचाळलीच. "मी ऐकत होते ना."

तिनं स्वतःच मास्क ओढून नाकावर लावला. आतून म्हणाली, "वाजवा."

दम्याच्या पोरीसाठी फटाके वाजवायचे, हे कुठल्या शहाण्या डॉक्टरच्या दवाखान्यात ठरतं? दुपारी डॉक्टर मला औषधांच्या खोलीत म्हणाल्या, "एस्तर, हिला काही झालं तर?" भरलेली सुई त्या तिसऱ्यांदा तपासत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "झालं तर आपण आहोत की तिथे." दुसरं काय म्हणणार? आतून मीही येशूला हाक मारत होते.

उन्हं उतरल्यावर स्मशानामागच्या माळरानावर गेलो. वारा आमच्याकडून पलीकडे होता, तो डॉक्टरांनी रुमाल धरून दोनदा बघितला. रुग्णवाहिका बरीच मागे, काचा बंद. आत कयल माझ्या मांडीवर, बोटाला यंत्र, समोर डॉक्टर मास्क घेऊन. मारीश्वरननं माळ जमिनीवर पसरली आणि खिशातून काड्यापेटी काढली.

एका हातानं काडी ओढता येत नाही हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यानं पेटी गुडघ्यात धरली, ती निसटली. दगडाखाली दाबली, काडी मोडली. कयलचा श्वास सूं सूं वाजायला लागला. "अप्पाला येत नाहीये," ती म्हणाली. आकडा उतरायला लागला. मी दाराला हात घातला, आणि तेवढ्यात कडुलिंबाखालून इरुळायी निघालेली दिसली. मी येणार नाही, असलं बघणार नाही, असं सकाळपासून ओरडत होती ती. चालत आली, लेकाच्या समोर उकिडवी बसली आणि काड्यापेटी दोन्ही हातांनी घट्ट धरली. त्यानं काडी ओढली.

माळ फुटायला लागली. कयलनं माझा हात असा धरला की नखं रुतली. माळ फुटतच राहिली, लांबलचक, तडातड, पार शेवटच्या फटाक्यापर्यंत. मी आकड्याकडे बघत होते, डॉक्टर पोरीच्या गळ्याकडे.

मग सगळं शांत झालं.

"संपले?" कयलनं विचारलं.

"संपले," डॉक्टर म्हणाल्या.

आणि कयल रडली. चार महिन्यांत पहिल्यांदा, तोंड उघडून, लहान पोर रडतं तशी. रडताना श्वास लागला, मास्क लावावा लागला, पण गळा आत ओढला गेला नाही. दमा पळाला वगैरे काही नाही, औषधाचा फवारा तिला अजून चालू आहे. पण त्या संध्याकाळी ती माझ्या मांडीवर रडत रडत झोपली, आणि इरुळायी म्हणते ती एवढी गाढ कधी झोपतच नव्हती.

मी काच खाली केली तेव्हा मारीश्वरन अजून तिथेच बसला होता, धूर विरत चालला होता. पिशवीत एक माळ उरली होती. ती त्यानं उजव्या हातानं बाहेर काढली.

"अम्मा," तो म्हणाला, "अप्पासाठी एक लावू?"

इरुळायीनं ती माळ त्याच्याकडून घेऊन जमिनीवर पसरली. मग तिनं काड्यापेटी पुन्हा दोन्ही हातांत धरली आणि त्याच्यापुढे केली.