पाणी येणार, असं सांगायचं

माइकच्या तोंडावरचा काळा स्पंज – ओठाला लागला की खरखरीत, वास शिळ्या लवंगेचा, म्हणजे आपल्याच तोंडाचा... भोंगामामानं तो हनुवटीवर घासला आणि घसा खाकरला. शेजारी भाची टेम्पो चालवत होती. उमेदवारानंच गाडी चालवायची, हे त्यानं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. उमेदवार म्हणजे मागं उभा राहून हात हलवणारा. हिचे दोन्ही हात स्टिअरिंगला, बाही कोपरापर्यंत वर, आणि दुपारचं ऊन असं की टपाचा पत्रा हात लावू देईना. प्रचाराचा शेवटचा दिवस. संध्याकाळी तोंड बंद.

या घशानं काय काय विकलं होतं... सर्कस, गाद्यांचा सेल, आणि दर निवडणुकीला जो बोलावील तो. नगरपालिकेत बसलेल्या निम्म्या लोकांना मीच ओरडून तिथवर पोचवलंय, असं तो म्हणायचा. बहीण म्हणायची, याच्या बोलण्यावर जाऊन कुणी छत्री घरी ठेवू नये. बहीण गेली, जीभ राहिली – आणि आता तिचीच पोरगी उभी, तीही कशावर, तर ऊन आणि पाणी यांवर. लोक दिवे मागतात, रस्ता मागतात. ही म्हणते, हवा बिघडवली एकानं, भोगतोय दुसरा, त्याचं आधी बोला. चढावरच्या बंगल्यांतल्या एसी खोल्यांची गरम हवा, तिथल्या फरसबंद अंगणांचं पाणी, सगळं घरंगळत खालच्या वस्तीत येतं. पुस्तकातून आलेलं नव्हतं ते. दवाखान्यात उन्हानं जीभ जड झालेले गवंडी तिनं खांद्यावर घेऊन खाटेवर टाकले होते, पुरात भिजलेल्या पोरांच्या छात्या रात्ररात्र शेकल्या होत्या. नर्सच ती. तिला कुणाचं तरी अंग तापलेलं दिसलं की स्वस्थ बसवतच नाही.

टेम्पो वस्तीत वळला. भिंतींवर कमरेएवढ्या उंचीला गेल्या पुराची मातकट रेघ. लोक दारांत आले, आणि मामाच्या तोंडातून, कुणी न विचारता, वर्षानुवर्षांच्या चालीत ते बाहेर पडलं – आपल्या सिस्टरला निवडून द्या, या वस्तीत पुन्हा पाण्याचा थेंब शिरणार नाही.

टाळ्या पडल्या. विटांच्या चवडीवर मशीन ठेवून शिवणारी एक बाई सुई थांबवून हसली. मामाला बरं वाटलं. गल्ली खिशात.

टेम्पो मात्र पुढं जाऊन थांबला. भाचीनं किल्ली फिरवली. चिडली असती तर सोपं होतं. दोन शिव्या खाल्ल्या असत्या, संपलं असतं.

"मामा, हे मी कधी म्हटलं?"

त्यानं समजावलं. ही बोलायची रीत आहे पोरी, लोकांनाही ठाऊक असतं, पण कानाला गोड लागतं. तिकडं तुझ्याविरुद्ध उभा राहिलेला तो ठेकेदार अख्खी नदी बांधून देतो म्हणत फिरतोय, आणि तू काय सांगणार? दोनचार घरांच्या फरकानं घरी बसशील.

"तापाच्या पेशंटला, ताप चढणारच नाही, असं सांगून मी घरी जाऊ का?" ती म्हणाली. "पाणी येणार. तेच सांग. मग आपण काय करणार ते सांग."

"पडशील गं."

"पडले तर सकाळी ड्यूटी आहेच."

आणि तिनं गाडी उलटी घेतली, त्या अरुंद गल्लीतून, मान मागं वळवून, एकाही दाराला न घासता... मामाला त्या मानेत बहीण दिसली. आलेल्या पाहुण्याला उंबऱ्यावरच सांगणारी – आज नुसता भात आहे, पण बसा. त्याला तेव्हा शरमेनं मेल्यासारखं व्हायचं. पाहुणे मात्र बसायचे. का बसायचे, हे त्यानं कधी कुणाला विचारलं नाही.

त्यानं माइक उचलला. नेहमीची चाल लावून पाहिली, पण हे वाक्य त्या चालीत बसेना. मधेच अडकलं, आवाज फाटला. शेवटी तो घरात बोलतात तसं बोलला.

"मघाशी मी खोटं बोललो. पाणी येणार. पण येण्याआधी दारोदार माणूस येऊन सांगेल, शाळेचा वरचा मजला उघडा असेल, आणि चढावरचं पाणी चढावरच मुरवायला लावायला ही भांडेल. एवढंच म्हणते ती."

टाळी नाही. कुणीतरी दार लोटलं. शिवणाऱ्या बाईनं मशीन थांबवलं, म्हणाली, "शाळेची किल्ली कुणाकडे असणार?"

"माझ्याकडे नको," भाची म्हणाली. "मी दवाखान्यात असेन. तुमच्याकडे ठेवू."

बाईनं हूं केलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं. ते हूं मताचं होतं की थट्टेचं, एवढी माणसं पाहिलेल्या मामाला कळलं नाही.

गाडी हलली. पोरगी निवडून यावी, हे त्याला सकाळपासून वाटत होतं, भाची म्हणून. आता काहीतरी वेगळंच आत टोचत होतं... आजवर बोललेलं सगळं वाऱ्यावर गेलं, मागं वळून कोण बघतो. हे मात्र त्या गल्लीत राहिलं होतं, दारादारांत, आणि पुढच्या पावसात पाणी चढेल तेव्हा आपण इथं असावं, ती किल्ली फिरताना आपल्या डोळ्यांनी बघावी, अशी त्याला विलक्षण, जिवाला घोर लावणारी इच्छा झाली.