एकमेकांना खोडणारी दोन मतं

माझे आईबाबा चाळीस वर्षं मतदानाला गेले नाहीत. आई देवभोळी, बाबा देवाशी उभा दावा मांडून बसलेले. तिचं मत त्यांचं खोडणार, त्यांचं तिचं. मग शाळेपर्यंत चिखल कशाला तुडवायचा? दोघं घरी बसून चहा प्यायची. आयर्लंडमधल्या आमच्या रॉसकॉमनमध्ये असे करार पुष्कळ जोडपी करतात, पण ते इमानाने पाळणारं हे एकच, असं मी सगळ्यांना सांगायचे.

२०१८च्या ऑक्टोबरात देवनिंदेचा गुन्हा राज्यघटनेतून काढायचा का, यावर मतदान लागलं. आईने आदल्या दिवशीच बजावलं, "मॅलाकी, उद्या कुणी कुठे जायचं नाही."

"मी कशाला मरायला जातोय?" बाबा म्हणाले.

संध्याकाळी सहाला रेडिओवर प्रार्थनेची घंटा झाली आणि आई खुर्चीत नव्हती. ही घंटा तिने माझ्या जन्माच्या दिवशीही चुकवली नव्हती म्हणे.

"दगा दिला बयेने!" बाबांनी टोपी चढवली. मी गाडी काढली.

शाळेच्या फाटकातून आई बाहेर येतच होती.

"ठेवा म्हणून मत देऊन आलीस ना, अट्रॅक्टा?"

"काढा म्हणून दिलं."

बाबांनी टोपी मागे सारली.

"कॉलमनला पुरलं तेव्हा तू देवाला काय काय बोललास, तेही फादरसमोर! एकतीस वर्षं मला धास्ती, कुणीतरी तुझं नाव पोलिसांत देईल म्हणून. अरे, पोर गेल्यावर बाप ओरडणारच. ते तू आणि देव बघून घ्या. मध्ये पोलीस कशाला?"

कॉलमन माझा थोरला भाऊ, सहा वर्षांचा होऊन गेला. त्याचं नाव आमच्या घरात कुणी घेत नसे.

बाबा टोपी काढून हातात फिरवत राहिले.

"सकाळी पाव आणायला गेलो ना," ते म्हणाले, "तेव्हा मी ठेवा म्हणून देऊन आलो."

"तू?"

"तुझ्या देवाला जन्मभर शिव्या घातल्या. म्हटलं, एकदा तरी तुझ्या बाजूने उभं राहावं."

"म्हणजे पुन्हा खोडलंच की रे, गाढवा!" आई हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मलाही रडू आवरेना.

गाडीत दोघं मागे बसली, हातात हात घालून. घर जवळ आलं तेव्हा बाबा म्हणाले, "कॉलमन आज छत्तीसचा असता."

"सदतीस," आई म्हणाली.