शंभर टक्के हजेरी

"आणि आता या वर्षीची शंभर टक्के हजेरी!" रुचिताने माइकवर जाहीर केलं. "पॅकिंग विभागातून, मंजुळाताई!"

शेजारी बसलेल्या भावनाने मंजुळाच्या कमरेत कोपर खुपसलं. "ताय, ऊठ की. तुझंच नाव घेतलं."

त्या दुपारी पॅकिंगचे पट्टे बंद ठेवले होते. मशिनींवर प्लास्टिक टाकून मधल्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे ऑफिसातली माणसं आणि कायम कामगार, मागे ठेक्यावरच्या बायका. मंजुळा मागून चालत निघाली तेव्हा एप्रन काढायचाही राहून गेला. बायकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी शिट्टी मारली. तिला बरं वाटलं. वर्षानुवर्षं औषधाच्या गोळ्यांची पाकिटं खोक्यात भरणाऱ्या बाईचं नाव तारापूरच्या कारखान्यात माइकवरून कोण घेतो?

रुचिता ऑफिसातली पोरगी, स्वभावाने चांगली. आठवड्यापूर्वी तिने जेवणाच्या सुट्टीत येऊन विचारलं होतं, "ताई, वर्षभर एकही खाडा नाही, कसं जमवलंत हो?" मंजुळाने खरं ते सांगून टाकलं होतं. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा आले, म्हणून. रुचिताने मान हलवत ऐकून घेतलं होतं.

आता मॅनेजर मेहुलसाहेबांनी माइक हातात घेतला. मिक्सरचं खोकं मंजुळाच्या हातात देऊन त्यांनी तिला फोटोसाठी जवळ उभं केलं.

"ही ताई बघा," ते म्हणाले. "इनकी माँ गुजर गयी. सगी आई! आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताई लाइनवर हजर. पूर्ण वर्षात एक दिवस गैरहजर नाही. इसको बोलते हैं डेडिकेशन! तुम्ही लोक जरा सर्दी झाली की घरी बसता. या ताईंकडून शिका. जोरदार टाळ्या!"

टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतल्या तर फारच जोरात.

मंजुळाच्या कानशिलाला जाळ लागल्यासारखं झालं.

आई मासवणला असायची, भाऊ जिवल्याकडे. दिवाळीनंतर तिने अंथरूण धरलं. मंजुळा बोईसरला खोली घेऊन राहायची. नवरा गेल्यापासून खोलीचं भाडं आणि पालघरला नर्सिंग शिकणाऱ्या लेकीचा, हेमालीचा, खर्च तिच्या एकटीच्या हातांवर होता. आईजवळ चार दिवस राहावं म्हणून ती ठेकेदार कैलासकडे गेली होती.

"रजा?" कैलास फोनमधून मान वर न काढता म्हणाला होता. "ठेक्यावरच्या माणसाला रजा नसते, खाडा असतो. आन खाडा झाला की जागा गेली. त्याच दिवशी मी बदली बाई उभी करनार. मंगळीचं बघितलं ना?"

बघितलं होतं. गरोदर मंगळीचं पोट पडलं, ती घरी निजून राहिली, आणि परत आली तेव्हा तिच्या जागेवर दुसरी बाई पाकिटं भरत होती. कोणी काही बोललं नव्हतं. मंजुळाही नाही.

वर्ष भरलेल्या माणसाला कायद्याने भरपगारी रजा मिळते, हे हेमालीने तिला सांगितलं होतं. तिने ते कैलासला विचारलं, तर तो हसला. "वर्ष भरतंच कुठं तुमचं?" आणि ते खरंच होतं. मधेच ठेक्याचं नाव बदलायचं, बायकांचे अंगठे आणि सह्या नव्याने घ्यायच्या, आणि कागदावर मंजुळा पुन्हा नवी कोरी व्हायची. पट्ट्यावरची तिची जागा मात्र तीच असायची.

म्हणून ती रविवारी गेली. आईचा हात हातात घेऊन दिवसभर बसली. उन्हं उतरली तशी उठली. आई म्हणाली, "ऱ्हा ना गं आज."

"उद्या ड्युटी हाय, आये. कंपनी सोडत नाय."

आईच्या सासऱ्याने जमीनदाराच्या शेतावर वेठ केली होती. त्या गोष्टी ऐकत मंजुळा लहानाची मोठी झाली होती. "येठबिगार गेली म्हनत व्हते," आई म्हणाली. "कुठं गेली?"

सोमवारी सकाळी आई गेली. फोन कारखान्याच्या गेटवर जमा असायचा. जेवणाच्या सुट्टीत तो हातात घेतला तेव्हा जिवल्याचे कितीतरी फोन येऊन गेलेले. सकाळची हजेरी लागली होती, तशीच निघून ती पोचली तोवर लोक तिच्यासाठीच खोळंबले होते. आणि मंगळवारी सकाळी, डोळे सुजलेले असताना, ती पट्ट्यावर उभी होती. पाकिटं पुढ्यात येत होती, ती भरत होती. त्या दिवशी तिला स्वतःची जितकी किळस आली होती, तितकी कधी कुणाची आली नव्हती.

आणि हा माणूस त्याला डेडिकेशन म्हणत होता.

"दोन शब्द बोला ताई," रुचिताने माइक पुढे केला.

मंजुळाने मिक्सरचं खोकं टेबलावर ठेवलं.

"सायेब," ती म्हणाली. तिने घसा खाकरला. "माझी आई मेली, ती तुमच्या टाळ्यांसाठी नाय मेली."

मेहुलसाहेबांचं हसू तोंडावर तसंच राहिलं.

"मी दुसऱ्या दिवशी आले कारन नाय आले तर माझी जागा गेली असती. मला लई काम आवडतं म्हनून नाय आले. आई ऱ्हा म्हनाली, मी नाय ऱ्हायले. ती गेली तवा मी तुमची पाकिटं भरत व्हते. त्याचं बक्षीस देता? कुनी शिकायचं हे माझ्याकडून? या पोरींनी?" तिने मागे बोट दाखवलं. "तुमच्या घरी कुनी आजारी पडलं तर तुमी रजा घेता. पगार चालू ऱ्हातो. घ्या, घेतलीच पायजे. मग आमची मानसं काय दगडाची हायत? बक्षीस द्यायला मी वर्षभर हजर, आन रजा द्यायला मी कालची?"

"ताई, ताई, आपल्या भावना समजतात," साहेबांनी माइक काढून घेतला. "चलो, खाना लग गया है."

मिक्सर टेबलावरच राहिला.

जेवणाच्या रांगेत कुणी तिच्याशी बोललं नाही. भावनाने फक्त तिच्या ताटात आपल्या वाटणीचा गुलाबजाम घातला. हात धुताना कैलास जवळ येऊन उभा राहिला.

"सुट्टी पायजे व्हती ना तुला?" तो हळूच म्हणाला. "घे. उद्यापासून सुट्टीच सुट्टी."

"कशापायी?"

"ठेका बदलतोय. नव्या यादीत तुझं नाव नाय."

मंजुळाने ओला हात एप्रनला पुसला. त्याच्या थोबाडीत मारावी असं तिला फार वाटलं. तिने मारली नाही, आणि त्याचा राग तिला पुढे कितीतरी दिवस येत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळी गेटवर जाऊन उभी राहिली. वॉचमन बिचारा ओशाळून म्हणाला, "दीदी, मेरी भी नौकरी है." बायका येत होत्या. खाली मान घालून आत जात होत्या. मंजुळाला त्यांचा राग येत नव्हता, मंगळीच्या वेळी तीही अशीच गेली होती. भावना आली, थबकली, आत गेली. मग गेटच्या आतूनच वळली आणि बाहेर आली.

"तू कशाला आली? जा आत. तान्हं पोर हाय तुला घरात."

"म्हनूनच आले," भावना म्हणाली. "परवा त्याला हगवन लागली तर सासूवर टाकून आले, ताय. दिवसभर दुधानं छाती भरून येत व्हती. पोत्यावानी उभी ऱ्हायले. अजून किती दिवस?"

तिच्यामागून आणखी काही जणी आल्या. फार नाहीत. पण तेवढ्यांनीही दोन पट्टे बंद पडले.

दुसऱ्या दिवसापासून त्या सगळ्या पालघरला कामगार अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जाऊन बसू लागल्या. कैलासने तिथे शपथेवर सांगावं तसं सांगितलं, की ही बाई सलग कामाला नव्हतीच, अधूनमधून यायची. तेव्हा हेमालीने फोन पुढे केला. कंपनीने आपल्याच पानावर समारंभाचा व्हिडिओ टाकला होता. मंजुळाचं बोलणं त्यातून कापलेलं होतं, पण मेहुलसाहेबांचा आवाज खणखणीत होता. पूर्ण वर्षात एक दिवस गैरहजर नाही. अधिकाऱ्यांनी तो पुन्हा लावला.

उन्हाळा तारखांतच गेला. शेवटी कंपनीने नोटीस लावली, ठेक्यावरच्या कामगारांनाही यापुढे भरपगारी रजा. आजारपणाची वेगळी. बाळंतपणाचं, पोट पडलं तर त्याचंही लिहिलं होतं. भावना आणि इतर जणींना कामावर परत घेतलं. मंजुळाला मागची रजा हिशोबाला धरून रक्कम दिली आणि कामावर घेण्याचा मुद्दा पुढच्या तारखेवर ढकलला. ती तारीख पुढे सरकतच राहिली. एमआयडीसीत तिने आणखी तीन-चार ठिकाणी विचारलं. नाव सांगितलं की समोरचा म्हणायचा, "अच्छा, ती माइकवाली? कळवतो."

आषाढात ती मासवणला होती, जिवल्याच्या खाचरात, भाताच्या लावणीला. कमरेला प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला फोन भर दुपारी वाजला. भावनाचं नाव बघून तिने घाईघाईने पिशवीची गाठ सोडली. या वेळी भावनाचा फोन गेटवर असायला हवा होता.

"काय झालं गं? काढलं तुला?"

"नाय गं ताय. घरी हाय." मागे पोर किरकिरत होतं. "याला ताप हाय. सकाळी रजा टाकली. भरपगारी. कैलासनं तोंड वाकडं केलं, पन सही दिली." ती हसली. "तुला सांगावं म्हनलं."

मंजुळा चिखलात उभी राहिली. आनंद व्हायला हवा होता. झालाही असावा. पण त्याच्या आधी रागच वर आला, आंबट ढेकरासारखा. एवढंसंच होतं हे. एका तापल्या पोराजवळ त्याच्या आईने दिवसभर बसावं, एवढंच. एवढ्यासाठी काय काय गेलं होतं.

"कपाळावर पट्टी ठेव ओली," ती म्हणाली.

"ठेवलीय. थांब हां, उलटी करतोय..."

फोन कुठेतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग पोराचं रडणं, भांड्याचा खडखडाट, आणि भावनाचा आवाज, हळू, कसलीच घाई नसलेला, "झालं माझ्या राजा, झालं. मी हाय ना."

"मंजे!" पलीकडच्या बांधावरून जिवल्याने हाक मारली. "चल की, आवनाची रोपं वाळतायत."

तिने त्याला हातानेच थांब म्हटलं. पोर हुंदके देत देत शांत होत होतं. चिखलाने भरलेल्या हातात फोन कानाशी धरून ती तशीच उभी राहिली, पलीकडे ते पूर्ण झोपेपर्यंत.