रोवण्याची चाल

आमगावजवळच्या आमच्या गावरेडिओवर दुपारची गाणी मी लावतो. धानाच्या रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत बाया मोबाइल धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, ठेवून ऐकतात आणि गाण्याच्या चालीवर हात चालवतात.

त्या दिवशी शेतमालक केशोराव चिखलाच्या पायांनीच स्टुडिओत शिरला.

"बुढ्या, अशी रडकी गाणी कायले लावून राहिला? बाया झोपेत रोवून राहिल्या. कालव्याचं पाणी आज बंद होते अन् माया अर्धा रोवणा बाकी आहे!"

मी लग्नाच्या वरातीतलं गाणं लावलं. केशोराव खूश होऊन शेतावर गेला. थोड्याच वेळात त्याचा फोन आला.

"बंद कर ते! साऱ्या बाया धुऱ्यावर चढून नाचून राहिल्या!"

फोनमध्ये मागून रोवणाऱ्या बायांतली शामकलाबाई ओरडली, "राहू द्या जी आजोबा! मालकाले बी नाचवतो आम्ही!"

मी घाईघाईनं युरियाच्या मात्रेवरचं भाषण लावलं. बाया मुकाट्यानं बांधीतल्या चिखलात उतरल्या. दिवस मावळायच्या आत रोवणा झाला.

आता केशोराव फोन करून तेच भाषण मागतो. पाहुण्यांपुढं त्या भाषणाची तारीफही करतो.

परवा मलाच विचारत होता, "काहो, युरिया किती टाकू?"