खालच्या कप्प्यातलं तळं

मी डबा बोलतोय. चार कप्प्यांचा, पितळेचा, आतून कल्हई केलेला. वरच्या कप्प्याला पोचा आहे, तो कसा आला ते पुढे येईलच. आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडं भरली, आता दोन शब्द माझ्या तोंडून ऐकून घ्या.

अठ्ठेचाळीस सालच्या दिवाळीत जालन्यातल्या एका कासाराच्या दुकानातून मिश्रीलाल सेठांनी मला उचललं. सेठांची कापसाची जिनिंग होती. त्यांच्या पत्नी तारादेवींनी मला नखानं टिचकी मारली आणि म्हणाल्या, "आवाज बराबर हाय. घ्या." मला वाटलं, चांगल्या घरी पडलो.

घर चांगलंच होतं, फक्त स्वयंपाकघर सोडून. तिथं भंवरीबाई राबायची. सेठांच्या लांबच्या नात्यातली, हसनाबादची, विसाव्या वर्षी विधवा झालेली. नात्यातली म्हटल्यावर पगाराचा प्रश्न मिटतो आणि कामाला मोजमाप राहत नाही. ती मला राखेनं घासायची आणि घासता घासता माझ्याशी बोलायची. बोलायला दुसरं होतं कोण?

छप्पन साली डॉक्टरांनी तारादेवींना हवापालट सांगितला. लोक महाबळेश्वरला जातात, यांनी जिनेव्हा काढलं. सेठांचं तिथल्या कुठल्याशा बँकेत काम होतं आणि त्या कामाचा विषय निघाला की घरात आवाज खाली जायचे. बँकांचं गाव, मोठ्या तळ्याच्या काठचं. जगभरचे पैसेवाले तिथं आराम करायला जातात म्हणे. पण परक्या हातचं यांना चालत नव्हतं. म्हणून माझ्याबरोबर भंवरीबाईचीही वर्णी लागली.

निघण्याआधी ती हसनाबादला आईला भेटायला गेली. लाडूंचा डबा म्हणून मीही होतो. आईचं नाव लाडबाई, दोन्ही डोळे गेलेले. म्हातारीनं लेकीचा चेहरा चाचपला.

"जाय बिलकुल. लई मोठं तळं हाय म्हन्ते तिथं. तू डोळे भरून पाह्य. मंग मला सांग. तुझ्या तोंडानं मला दिसंल."

"सांगते आई. आन् पानी बी आनते थोडं."

"आन. गंगेचं तर नशिबात न्हाई. मरतानी तेच घाल तोंडात."

तेवढ्या एका गोष्टीसाठी ती बाई समुद्र ओलांडून गेली.

जिनेव्हात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या, इमारतीच्या मागच्या अंगाला. चुलीजवळच्या खिडकीतून समोरची भिंत दिसायची. तळं तिथून दोनशे पावलांवर असेल. नसेलच जास्त, मी रोज सेठांच्या हातात लोंबकळत जायचो, मला ठाऊक आहे. भंवरीबाई पहाटे उठून मला भरायची: खाली पुऱ्या, त्यावर बटाट्याची सुकी भाजी, मग शिरा, सगळ्यात वर शेव. दहाच्या सुमारास मंडळी निघायची आणि सेठ बाहेरून कुलूप लावायचे.

पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "काकीजी, मी बी येऊ का?"

"आज न्हाई. घर उघडं टाकून कसं चालंल? परका मुलूख हाय. उद्या पाहू."

मी मात्र रोज तळं पाहिलं. काय सांगू! मधोमध पाण्याचा एक दांडा सरळ आभाळात चढायचा आणि वरून वाऱ्यानं भुरभुरत खाली यायचा. पांढऱ्या बोटी, पांढरे पक्षी, आकाश निवळलं की पलीकडे पांढरा डोंगर. फुलांचं एक घड्याळ होतं आणि ते वेळही दाखवायचं. बाकांवर माणसं डोळे मिटून नुसती बसलेली असायची आणि नुसतं बसल्याची कुणाला लाज वाटत नव्हती. सेठ तोंडावर वर्तमानपत्र घेऊन घोरायचे. तारादेवी हंसांना पुऱ्या टाकायच्या. भंवरीबाईच्या हातच्या पुऱ्या. हंसांनी तळं पाहत पुऱ्या खाल्ल्या, करणारी कुलपात.

संध्याकाळी मला घासताना ती विचारायची, "काय पाहून आला रे आज?" डबा वाजतो, बोलत नाही. मग ती तारादेवींच्या बोलण्याकडे कान लावायची. दांडा, हंस, फुलांचं घड्याळ असं एकेक वेचून ठेवायची.

उद्या, उद्या करत एकवीस दिवस गेले. शेवटच्या दिवशी नक्की न्यायचं ठरलं. पहाटेच तिनं धुतलेलं पांढरं लुगडं नेसलं. माझा खालचा कप्पा घासून रिकामा ठेवला, त्यात पाणी भरून घ्यायचं म्हणून. दहा वाजता मुंबईच्या एका व्यापाऱ्याचं कुटुंब तळ्याच्या लांबच्या काठाला जायला मोटार घेऊन आलं. जागा पुरेना.

"भंवरी, आता तूच पाह्य, बसवू कुठं तुला?"

ती उंबऱ्यात उभी होती. रडली नाही. एवढंच म्हणाली, "मंग पानी तरी आना काकीजी. खालचा कप्पा रिकामा ठेवलाय."

"आनते की. त्यात काय एवढं."

दिवसभर मी तळ्याकाठी होतो. तारादेवी पायरीवर बसल्या होत्या, पाणी त्यांच्या पावलांना लागत होतं. हात खाली केला असता तरी कप्पा भरला असता. पण गप्पा रंगल्या, आइस्क्रीम झालं, राहूनच गेलं. घरी आल्यावर जिन्याखालच्या नळाशी त्यांना आठवलं. हसत हसत त्यांनी कप्पा नळाखाली धरला. "हिला काय कळतंय?"

भंवरीबाईनं तो कप्पा दोन्ही हातांनी घेतला. कपाळाला लावला. कणकेनं झाकण लिंपलं, वरून फडकं बांधलं, आणि आगगाडीत, बोटीत, पुन्हा आगगाडीत मांडीवर घेऊन बसली. सारा प्रवास मी तिच्या मांडीवर केला आणि मला सारखी माझीच लाज वाटत होती.

जालन्यात परतल्यावर आठवड्यानं जेवणावळ झाली. प्रवासाच्या गोष्टी ऐकायला बायका जमल्या होत्या. भंवरीबाई पुऱ्या वाढत होती. तारादेवी रंगात आल्या आणि त्यांनी नळाची गोष्ट सांगितली. आवाजसुद्धा खाली केला नाही.

"आन् ही डोक्याला लावून बसली की नळाचं पानी! लिंपलंय कसं, गंगाजळच जसं!"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एकीला ठसका लागून जीव जायची वेळ आली.

भंवरीबाई थांबली नाही. पुढच्या पानाशी वाकली. "अजून एक वाढू?" तिनं विचारलं.

मग ती आत आली. फळीवरचा लिंपलेला कप्पा तिनं उचलला, थोडा वेळ धरला आणि परत ठेवला. त्यानंतर माझा वरचा कप्पा तिच्या हातून खाली गेला. पडला की आपटला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तारादेवी म्हणाल्या, "फोडला ना? आता घेऊन जाय तुझ्या आईकडं."

हसनाबादला लाडबाईनं झाकणावरून बोटं फिरवली. "हे तळ्याचं?"

"तळ्याचंच."

"कसं होतं गं?"

भंवरीबाईनं सांगितलं. पाण्याचा दांडा, हंस, फुलांचं घड्याळ. मी तिथंच होतो. एक शब्द चुकीचा नव्हता आणि त्यातलं काहीही तिनं पाहिलं नव्हतं. म्हातारी हसली. गल्लीत ती सगळ्यांना सांगायची, "माझ्या लेकीनं समुद्रापल्याडचं तळं पाह्यलंय."

दिवाळी होऊन आठ दिवस झाले आणि लाडबाईची शेवटची घटका आली. भंवरीबाईनं कणीक फोडली, ते पाणी आईच्या ओठांवर घातलं आणि म्हणाली, "आई, तळ्याचं पानी हाय." म्हातारीनं ते गिळलं आणि ती गेली. मला तिथंच विरघळून जावंसं वाटलं.

आज साठ साल आहे. सेठ-सेठाणी पुन्हा जिनेव्हाला निघालेत. नव्या स्टीलच्या डब्यात पुऱ्या मऊ राहत नाहीत, म्हणून मला हसनाबादहून परत मागवलं. कल्हई करून घेतली. काल तारादेवी स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "भंवरी, या वक्ताला तुला तळं नक्की दाखवते बघ."

भंवरीबाई मला घासत होती. मान वर न करता म्हणाली, "आता पाहून सांगू कोनाला, काकीजी?"

तुमच्यापैकी कुणी त्या गावी गेलं आणि तळ्याकाठी पोचा आलेला पितळी डबा उघडून बसलेली मंडळी दिसली, तर एवढं करा: हा डबा भरणारी कुठं आहे, असं त्यांना विचारा. माझ्यानं ते कधी झालं नाही. उद्या सकाळची गाडी आहे. खालच्या कप्प्यात या वेळी पुऱ्याच भरल्यात, गच्च.