गटाराचे अकरा आकडे

माझा धंदा गटारांचा आहे. कार्डावर ‘सांडपाणी सल्लागार’ असं ठसठशीत छापलंय, पण त्याने वास कमी होत नाही. एखाद्या समारंभात कुणी ‘आपण काय करता?’ असं विचारलं, की मी ‘पाण्याच्या क्षेत्रात आहे’ असं सांगतो. समोरच्याच्या डोळ्यांपुढे धरण उभं राहतं. मी ते पाडायला जात नाही.

गेल्या वर्षी माझ्या भागीदाराने टेबलावर एक फाईल टाकली.

“तुझ्या कॉलेजच्या शहरातली नगरपालिका. एका गल्लीतलं गटार उलटं वाहतंय म्हणे. तूच जा. तिथे तुला लोक ओळखत असतील.”

“म्हणूनच तू जा,” मी म्हटलं.

फाईल उघडली तर गल्लीही ओळखीची निघाली. शिकत असताना चार वर्षं मी त्याच गल्लीत मावशींच्या घरी, वरच्या खोलीत राहत होतो. मावशी माझ्या कुणी नव्हेत. खोली देताना त्यांनी दोन अटी घातल्या होत्या. भिंतीला खिळा ठोकायचा नाही आणि आजारी पडलास तर लपवायचं नाही. पहिली अट मी चारदा मोडली. दुसरी मोडण्याची सोयच नव्हती. वर शिंक आली की खालून गरम पाण्याचं भांडं वर यायचं. शेवटच्या वर्षी कावीळ झाली, तेव्हा घरी कळवू नका म्हणून मी हात जोडले. त्यांनी कळवलं नाही आणि सहा आठवडे माझं सगळं केलं. पुढे मी त्यांना सत्तावीस वर्षांत दोन पत्रं लिहिली आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके फोन केले. माणूस फार कामात असतो.

नगरपालिकेचे इंजिनिअर पस्तिशीचे, तरतरीत होते. त्यांनी मूळ नकाशा टेबलावर पसरला आणि चारही कोपऱ्यांवर पेपरवेट ठेवली. एक पेपरवेट सरकलं. त्याखाली लिहिलं होतं: ‘सर्वेक्षण, अभियांत्रिकी महाविद्यालय, शेवटचं वर्ष’. त्याखाली दोन विद्यार्थ्यांची नावं होती आणि पहिलं नाव माझं होतं.

“मुळात लेव्हलच चुकलीय, साहेब,” इंजिनिअर म्हणाले. “कॉलेजच्या पोरांकडून करून घेतलेलं काम. कुठल्या गाढवाने केलंय कोण जाणे.”

“असेल,” मी म्हटलं आणि पेपरवेट जागेवर सरकवलं.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. गटाराला अक्कल नसते, फक्त उतार असतो. तो ठरवण्यासाठी आधी रस्त्याची उंची जागोजागी मोजतात. एक जण दुर्बिणीतून बघतो, दुसरा आकडे रंगवलेली उंच पट्टी धरून उभा राहतो. दिसला तो आकडा वहीत लिहायचा आणि पुढे सरकायचं. सुरुवात पक्की उंची माहीत असलेल्या खुणेपासून करतात, शेवटही तशाच दुसऱ्या खुणेवर. आपलं उत्तर आणि तिथली पक्की उंची यांत थोडा फरक पडतोच. पट्टी हलते, वारा असतो, डोळा माणसाचा असतो. थोडा फरक चालतो.

आमची सुरुवात कॉलेजच्या फाटकाशी होती आणि शेवट पाण्याच्या टाकीशी. गल्लीच्या तोंडापर्यंत मी इमानाने मोजलं. मग पट्टी धरणारा माझा जोडीदार ‘बहिणीला स्टेशनवरून घेऊन येतो’ म्हणून गेला, तो गेलाच. ऊन मी म्हणत होतं. मी मावशींच्या वरच्या खोलीत गेलो, पंखा लावला आणि गल्लीतले उरलेले अकरा आकडे पलंगावर बसून लिहिले. टाकीची उंची माहीत होती, तेव्हा तिथून उलट हिशेब करत आलो. फरक आला शून्य. दोन दिवसांनी सरांनी वर्गात माझी वही उंच धरली आणि म्हणाले, “तीस वर्षांत इतकं अचूक काम मी पाहिलं नव्हतं.” मी उभा राहून किंचित वाकलोसुद्धा होतो.

त्यानंतर ते आकडे मला फारसे आठवले नव्हते. आता नगरपालिकेच्या खोलीत बसून हिशेब सोपा होता. मी पलंगावर रचलेल्या उंचीवरून गटार बांधलं गेलं होतं, आणि ज्या बाईने माझी आजारपणं काढली तिच्या दारात त्याच गटाराचं पाणी उलटं येत होतं. हे खरं असेल तर सल्लागार म्हणून मी काय लिहायचं, हा प्रश्न नंतरचा होता. मावशींना काय तोंड दाखवायचं, हा आधीचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला मी त्यांच्या दारात गेलो. मावशी अठ्ठ्याहत्तरच्या झाल्या होत्या, थोड्या वाकल्या होत्या. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं.

“आलास? बूट काढू नकोस, आत ओलं आहे.”

सत्तावीस वर्षांनंतरचं स्वागत म्हणून मला हे फार आवडलं.

त्यांनी मला थेट न्हाणीघरात नेलं. मोरीच्या जाळीतून पाणी वर येत होतं, वर पांढरा फेस.

“सात ते नऊ असंच. वरच्या अंगाला सगळ्यांच्या आंघोळी चालू असतात ना. हा वकिलाचा शाम्पू. परवा बदललाय त्याने, आता लिंबाचा वास येतो.”

“कधीपासून चाललंय हे?”

“मला विचारू नकोस. मला आता जन्मापासून असल्यासारखं वाटतं. नगरपालिकेची माणसं येतात, बघतात, नाक धरतात, जातात. शेवटी मीच त्यांना म्हटलं, आमचा मुलगा यातला मोठा माणूस आहे, त्याला बोलवा.”

“म्हणजे माझं नाव तुम्ही सुचवलंत?”

“सुचवतेय कसली! चार वेळा जाऊन त्या साहेबाच्या खोलीत बसले. पाचव्या वेळी मला लांबून बघूनच त्याने तुमच्या ऑफिसला पत्र लिहायला घेतलं.”

मी भिंतीला टेकलो. भिंत ओली होती.

“मावशी, मला एक सांगायचंय.”

“चहा घे आणि सांग. तोंड बघ कसं झालंय, निकाल लागल्यासारखं.”

पण तेवढ्यात वकिलांच्या घरच्या दुसऱ्या बादलीचं पाणी आलं, आणि मावशी पोछा घेऊन धावल्या. मी दुसरा पोछा घेतला. साडेनऊपर्यंत आम्ही जमीन पुसत होतो आणि सांगायचं ते राहून गेलं. खरं तर मला पोछ्याचा आधार वाटला.

तिथून मी कॉलेजात गेलो. निदान माझी जुनी वही मिळाली, तर किती चुकलं होतं हे कळणार होतं. सर निवृत्त होऊन वीस वर्षं झाली होती, पण रोज अकरा वाजता ते सर्वेक्षणाच्या सामानाच्या खोलीत येऊन बसतात असं शिपाई म्हणाला. कुठल्या दुर्बिणीला कुठली तिवई बसते, हे त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. पगार नव्हता, खुर्ची होती.

“सर, ओळखलंत का?”

सरांनी चष्मा वर केला. “फरक शून्य,” ते म्हणाले. “बस.”

मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. स्टेशनवर गेलेला जोडीदार, पंखा, पलंग, अकरा आकडे, न्हाणीघरातलं पाणी. मावशींना कसं सांगू ते कळत नाही, हेही सांगितलं. सर ऐकत होते, पण नवीन काही ऐकणाऱ्याचा चेहरा त्यांच्याकडे नव्हता. मी संपवल्यावर ते उठले, मागच्या कपाटातून एक वही काढली आणि पान उघडून माझ्यापुढे धरलं.

माझं अक्षर होतं. शेवटच्या अकरा आकड्यांवर तांबड्या शाईची एकेक रेघ होती आणि प्रत्येकाच्या वर तांबड्या शाईतच दुसरा आकडा. खाली लिहिलं होतं: फरक नऊ मिलिमीटर. त्याखाली दोन सह्या होत्या. एक सरांची, एक त्या वेळच्या शिपायाची.

“शून्य कधी येत नाही,” सर म्हणाले. “मला कधी आलं नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. शिपायाला पट्टी धरायला घेतलं आणि गल्ली पुन्हा मोजली. नगरपालिकेकडे गेले ते हे आकडे.”

मी आता बसलो.

“पण वर्गात तुम्ही माझी वही धरून म्हणालात...”

“खोटं काय बोललो? नव्हतंच पाहिलं.”

“नापास का नाही केलंत?”

“करणार होतो. गल्लीत दुर्बीण लावून उभा होतो तर एक बाई घरातून तरातरा आल्या. म्हणाल्या, वरचा मुलगा तुमच्याकडेच शिकतो, काविळीतून उठलाय, त्याला उन्हात पाठवलंत तर गाठ माझ्याशी आहे.”

“काविळीला चार महिने होऊन गेले होते, सर.”

“ते त्या बोलल्या नाहीत.” सरांनी वही मिटली. “आणि मला वाटलं, येऊन सांगशील.”

“सत्तावीस वर्षं लागली.”

“आलास ना! तुझा जोडीदार अजून स्टेशनवरच आहे.”

आभार कसे मानायचे हे मला नीटसं येत नाही. आमच्या अभ्यासक्रमात तो विषय नव्हता. त्या रविवारी एक माणूस माझ्या खोटेपणामागून पट्टी आणि शिपाई घेऊन अख्खी गल्ली चालला होता, आणि मी वर, खिडकी लावून झोपलो असणार. मी म्हटलं, “सर, उद्या ती गल्ली पुन्हा मोजायचीय. येता?”

“पट्टी कोण धरणार?”

“मी धरतो. दुर्बीण तुमची.”

दुसऱ्या दिवशी साडेनऊला, आंघोळी संपल्यावर, आम्ही सुरुवात केली. मी पट्टी धरून सरळ उभा होतो. सरळ नाही, असं सरांचं मत पडलं आणि त्यांनी ते अकराही ठिकाणी बोलून दाखवलं. त्यांचे तांबडे आकडे पावलोपावली जुळत गेले. मग आम्ही गटाराची झाकणं उघडून तळ मोजला. गल्लीभर उतार जिथे जसा हवा तिथे तसा होता. गटारात खोट नव्हती. मग पाणी परत का येत होतं?

आम्ही गल्लीच्या बाहेर गेलो. तिथे नव्या बाजाराची इमारत होती, आणि तिच्यासाठी घातलेल्या नव्या गटाराला आमच्या गल्लीचं गटार जोडलं होतं. नव्या गटाराचा तळ जुन्यापेक्षा हातभर वर होता. गल्लीचं पाणी उतारावरून शहाण्यासारखं तिथवर जात होतं, पुढे भिंत बघत होतं आणि घरी परत येत होतं.

नगरपालिकेत जाऊन मी त्या जोडणीचा नकाशा मागितला. बारा वर्षांपूर्वीचा होता. इंजिनिअरांनी तो उलगडला आणि खालची सही वाचली. सही त्यांचीच होती. नोकरीचं पहिलं वर्ष असावं.

“मी जाऊन बघितलं नव्हतं,” ते म्हणाले. “जुन्या कागदावरून अंदाजाने धरलं.”

त्यांचा चेहरा मला चांगला ओळखीचा वाटला. माझ्यामागून एक जण मोजत गेला होता आणि त्यांच्यामागून कुणी गेलं नव्हतं. आम्हा दोघांत मोठा फरक म्हणावा तर एवढाच होता. मी त्यांना माझ्या अकरा आकड्यांची गोष्ट सांगितली. ते आधी हसले, मग हसायचे थांबले, मग त्यांनी दुरुस्तीच्या मंजुरीचा कागद माझ्यासमोरच लिहिला. सरकारी कागद इतक्या वेगाने लिहिताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

संध्याकाळी सरांना घेऊन मी मावशींकडे गेलो. सर दारातल्या खुर्चीवर बसले, मी पायरीवर. या वेळी चहाच्या आधी सांगितलं.

“म्हणजे तू वर पंख्याखाली बसून खोटं लिहिलंस,” मावशी म्हणाल्या.

“हो.”

“आणि तुम्हाला कळलं होतं.” हे सरांना.

“हो.”

“मग याचा कान का नाही धरलात?”

“तुम्हीच म्हणालात, काविळीतून उठलाय.”

“चार महिने झाले होते,” मावशी म्हणाल्या. “मी ते मुद्दाम गाळलं. तुम्ही भर उन्हात त्या खोलीकडे ज्या नजरेने बघत होता ना, तेव्हाच मला वाटलं, कार्ट्याने काहीतरी करून ठेवलंय.”

मी दोघांकडे पाहिलं. इतकी वर्षं मी स्वतःला स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलेला माणूस समजत होतो. मुलाखतींतही तसं सांगितलं होतं.

“मावशी,” मी म्हटलं, “तुमचे आणि सरांचे...”

“ते राहू दे. खोदणार कधी?”

“सोमवारी.”

“तू असशील?”

माझं तिकीट शनिवारचं होतं. अशा कामात आम्ही अहवाल देतो आणि निघतो. खोदणारे वेगळे, बघणारे वेगळे, आणि चुकलं तर आम्ही तिथे कधीच नसतो.

“असेन,” मी म्हटलं.

सोमवारी सकाळी वरच्या खोलीतून भागीदाराला फोन केला.

“तीन आठवडे?” तो ओरडला. “अरे, आपण सल्ला देतो. नळ टाकत नाही!”

“सल्ला दिलाय. तो खड्ड्यात नीट उतरतो का, ते बघायला थांबतोय.”

आमच्या कंपनीत असं याआधी कुणी केलं नव्हतं, त्यामुळे रागवायचं कसं हे त्याला सुचत नसावं. मी फोन ठेवला आणि वही घेऊन खाली उतरलो. मुकादम आला होता. मावशी त्याला गटाराचा उतार म्हणजे काय ते समजावून सांगत होत्या, शेजारी सर मान डोलावत होते, आणि त्या सांगत होत्या ते अगदी बरोबर होतं.